स्वस्ताईचा पुरावा

मराठी घरात नवी वस्तू आली की 'कशी आहे?' हे कुणी आधी विचारत नाही. आधी विचारतात, 'ओळखा बघू केवढ्याला?' विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांनाही या खेळाचे नियम पाठ असतात. उत्तर देणाऱ्याने जरा चढाच आकडा सांगायचा. साडेतीनशेची कढई असेल तर 'सहाशेच्या खाली नसणार' म्हणायचं. मग विचारणाऱ्याने कढई उलटी करून बुडावर बोटाने टकटक करायचं, डावीकडे उजवीकडे बघायचं आणि आवाज उतरवून सांगायचं, 'साडेतीनशे!' त्यावर समोरून 'काय सांगता!' आलं की कढई वसूल झाली. पुढे तिच्यात भाजी करपली तरी चालते. एखादा अरसिक पाहुणा मात्र असतोच. तो 'तीनशेला असेल' म्हणतो आणि त्या घरचा चहा कायमचा गमावतो.

हा खेळ घरोघरी पूर्वापार चालत होता, पण त्याला हक्काचं मैदान मिळालं ते डीमार्ट आल्यावर.

पगार झाल्यानंतरच्या पहिल्या रविवारी ठाणे, डोंबिवली, चिंचवड, नाशिक, कुठेही डीमार्टच्या रस्त्याला जाऊन उभे राहा. रिक्षांची रांग, स्कूटरवर पुढे तेलाचा डबा आणि मागे सासूबाई, फुटपाथवर कणीस खात ट्रॉली सांभाळणारी मुलं, आणि 'गाडी इथे नको, पुढे घ्या' म्हणून शिट्टी फुंकणारा घामाघूम वॉचमन. पूर्वी बिल्डर जाहिरातीत 'स्टेशनपासून पाच मिनिटं' लिहायचे. हल्ली 'डीमार्टला लागून' लिहितात, आणि भाव चौरस फुटामागे वाढवतात. म्हणजे स्वस्त साबण मिळावा म्हणून माणूस दहा लाख जास्त देऊन फ्लॅट घेतो, आणि आयुष्यभर साबणामागे वाचलेले चार रुपये मोजून समाधानाने हप्ते भरतो.

स्वस्ताईचं हे वेड काही आजचं नाही. मुंबईत नायगावच्या कामगार वस्तीत १९४८ साली 'अपना बाजार' सुरू झाला तो याच भुकेतून. पुढे १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिची पद्धत ज्यांनी घरात अनुभवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दहा-वीस कुटुंबांचा एक संघ. सगळ्यांनी मिळून महिन्याच्या मालाची यादी भरायची. मग एके दिवशी घाऊक भावातला तो सगळा माल एकाच्या घरी उतरायचा आणि सभासदांनी आपापसांत वाटून घ्यायचा. त्या दिवशी ज्याच्या घरी वाटप असेल त्याच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नसे. सोफ्यावर रवा, टेबलाखाली गूळ, टीव्हीवर धण्याची पाकिटं. 'या वेळचा गूळ जरा ओलसर वाटतो' या वाक्यावर अर्धा तास चर्चा आणि दोनदा चहा. त्या चहाचे पैसे कुणी हिशेबात धरत नसे. महिन्याला जे काही वाचायचं ते वाचायचंच, पण वाचवताना आपण दहा जणांसमोर राबलो, हे समाधान वेगळं होतं.

अपना बाजारशी डीमार्टचं नातं फार थोड्यांना ठाऊक असतं. शेअर बाजारात नाव आणि पैसा दोन्ही कमावलेल्या राधाकिशन दमाणींनी १९९९ साली नेरूळला चालवायला घेतलं ते अपना बाजारचंच दुकान. तिथे हा धंदा त्यांनी आतून पाहिला, पण ती पद्धत त्यांना पटली नाही. २००२ साली पवईला त्यांनी स्वतःचं पहिलं डीमार्ट उघडलं. मार्च २०२५ च्या अखेरीस त्यांची दुकानं ४१५ झाली होती, आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात. स्वतः दमाणी म्हणे कायम पांढरा शर्ट आणि पांढरी पँट घालतात. एवढा पैसा असून रोज कपडे निवडण्यात वेळ घालवत नाही, या एकाच गोष्टीवर आमच्या सोसायटीतले सगळे काका त्यांच्यावर फिदा आहेत. सगळ्या काकूंचा मात्र एकच प्रश्न असतो, 'आणि ते पांढरे धुतं कोण?'

डीमार्ट स्वस्त का, हे सोसायटीच्या कट्ट्यावर कुणालाही विचारा. 'जागा बहुतेक स्वतःच्या मालकीची, त्यामुळे भाडं नाही. माल देणाऱ्याचे पैसे आठवड्या-दीड आठवड्यात चुकते, त्यामुळे तो भाव पाडून देतो. जे खपतं तेच ठेवायचं. नटनट्यांच्या जाहिराती नाहीत, दुकानात थाटमाट नाही.' हे सगळं खरं आहे, आणि काकांना ते तोंडपाठ असण्याचं कारण निराळं आहे. मार्च २०१७ मध्ये कंपनीने २९९ रुपयांना देऊ केलेला शेअर बाजारात पहिल्याच दिवशी सहाशेच्या वर उघडला. काकांनी अर्ज भरला होता, पण सोडतीत त्यांना एकही शेअर लागला नाही. तेव्हापासून ते म्हणतात, डीमार्टची एकच गोष्ट महाग आहे, ती म्हणजे डीमार्टचा शेअर.

आता आत जाऊ या. दारातच तुमच्या पिशवीला प्लास्टिकची पट्टी आवळून सील लावतात. इथून पुढे तुम्ही आणि तुमची ट्रॉली. ही ट्रॉली १९३७ साली अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीच्या सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने काढली. त्याने एवढंच पाहिलं होतं की हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी थांबवतं. सुरुवातीला लोक गाडीला हात लावेनात. तरण्याबांड पुरुषांना ती ढकलण्यात कमीपणा वाटे. मग त्याने पगारी माणसं ठेवली, दिवसभर दुकानात गाड्या ढकलत, खरेदी केल्यासारखं करत हिंडायला. आमच्याकडे त्याला एक पैसा खर्च करावा लागला नसता. इथे ट्रॉली मिळवण्यासाठीच पार्किंगमध्ये, आधीच्या गिऱ्हाइकाच्या गाडीत सामान चढेपर्यंत, 'दादा, झाली का तुमची?' करत माणसं मागे उभी असतात. वजन हातावरून चाकांवर गेलं त्या दिवशी 'पुरे आता' हे दोन शब्द दुकानातून हद्दपार झाले.

आत शिरल्यावर कुटुंबाची फाळणी होते. आई डाळीकडे, बाबा तेलाकडे, मुलं बिस्किटांकडे, आणि आजोबांना रिकामी ट्रॉली देऊन थेट बिलाच्या रांगेत लावलं जातं. आजोबांचा हा उपयोग मराठी कुटुंबाने पूर्वी रॉकेलच्या आणि रेशनच्या रांगेत शोधून काढला होता. मधल्या काळात त्यांना बेकारी आली होती, ती आता संपली.

'आजोबा, तुमची ट्रॉली तर रिकामी आहे,' मागचा तरुण म्हणतो.

'भरतेय. आत भरतेय.'

'मग भरल्यावर या ना.'

'बाळा, मी गिरगावात दुधाच्या रांगेत पहाटे चारला दगड ठेवून जायचो. इथे तर मी स्वतः उभा आहे.'

यावर तरुणापाशी उत्तर नसतं. तेवढ्यात डाळ घेऊन आई येते, ट्रॉलीत टाकते आणि पुन्हा गडप होते. मग बाबा तेल आणतात. मग कुणीतरी एक पायपुसणं आणून टाकतं. ते कुणाचं, यावर थोडा वाद होतो. पाच मिनिटांनी कळतं की ते मागच्या ट्रॉलीतलं आहे. पण तोवर आईने ते चाचपून पाहिलेलं असतं, आणि ती त्या ट्रॉलीवाल्या बाईंना विचारते, 'वहिनी, हे कुठे मिळालं हो?'

'वरती. चादरींच्या पलीकडे.'

'केवढ्याला?'

'ओळखा बघू.'

बाबांना वरच्या मजल्यावर पिटाळलं जातं.

हा वरचा मजला सगळ्या खेळाची किल्ली आहे. खाली डाळ, तांदूळ, तेल, साखर. वर टब, बादल्या, डबे, पायपुसणी, चादरी, बर्म्युडा. कंपनीच्याच आकड्यांनुसार विक्रीत निम्म्याहून जास्त वाटा खाण्यापिण्याच्या मालाचा असतो, आणि घरगुती सामान आणि कपडे मिळून पाचव्या हिश्शाच्या थोडं वर. पण मार्जिन जास्त ते या दुसऱ्या गटात. म्हणजे डाळ आपल्याला बोलावते आणि टब वसूल करतो. तूरडाळीत किलोमागे बारा रुपये वाचले या आनंदात माणूस दीडशेचा टब उचलतो. घरी आधीचे दोन टब असतात. एक कपड्यांना आणि एक आधीच्या टबाला बदली म्हणून आणलेला.

रांगेत आपला नंबर जवळ आला की शेवटचा प्रसंग उभा राहतो तो पिशवीचा. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली आणि फुकट पिशवीचं युग संपलं. 'कॅरी बॅग पाहिजे का?' असं विचारल्यावर सहा हजारांचं बिल न बघता देणारा गृहस्थ एकदम ताठ होतो. 'केवढ्याला?' असं विचारतो, आकडा ऐकतो, आणि 'नको' म्हणतो. मग तो तेलाचे दोन पाऊच काखेत, पोह्यांचं पाकीट हनुवटीखाली आणि टब डोक्यावर अशा अवस्थेत पार्किंगपर्यंत जातो. टबाचा पहिला उपयोग अशा रीतीने लगेच होतो.

दुसरीकडे मॉलमधलं मोठं सुपरमार्केट बघा. कुठल्या साखळीचं ते सांगत नाही, सगळी सारखीच असतात. काचेचं दार आपणहून उघडतं. आत गारवा, पावाचा खमंग वास, मंद इंग्रजी गाणं. ट्रॉलीची चारही चाकं एकाच दिशेला जातात. रस्ता एवढा रुंद की दोन ट्रॉल्या समोरासमोर आल्या तरी कुणी कुणाला 'जरा सरका' म्हणत नाही. कोथिंबीर धुऊन, पुसून, पारदर्शक डबीत बसवलेली. तिच्याकडे बघून वाटतं, हिला घरी नेऊन कापायचं कसं? एक मुलगी ट्रेमध्ये चीजचे तुकडे काडीला टोचून उभी असते आणि आपल्याकडे बघून हसते. आणि इथेच घात होतो.

आमच्या घरातली स्त्री त्या मुलीच्या हसण्याकडे, मग छताकडे, मग लखलखीत फरशीकडे बघते आणि नवऱ्याच्या कानात म्हणते, 'एवढा एसी कुणाच्या पैशांनी चालतो?'

झालं. यापुढे त्या दुकानाने कितीही सवलत द्यावी. 'दोनवर एक मोफत' दिसलं की 'दोनची किंमत आधी तिनाची केली असणार' असं उत्तर तयार असतं. खरं म्हणजे सणासुदीच्या सेलमध्ये या साखळ्यांचे भाव पुष्कळदा चांगले असतात. त्यांच्या कार्डावर पॉइंटही जमतात. पण ते कधी आणि कसे वापरायचे हे फक्त कंपनीच्या सर्व्हरला माहीत. मुद्दा भावाचा नसतोच. जिथे आपल्याला कुणी धक्का मारला नाही, कुणाच्या ट्रॉलीचं चाक घोट्यावर आदळलं नाही, साधा घामही आला नाही, तिथे स्वस्त मिळालं यावर विश्वास बसायचा कसा?

हे किशोर बियाणींनी फार आधी ओळखलं होतं. २००१ साली त्यांनी बिग बाझार सुरू केला तेव्हा लख्ख, मोकळी, शिस्तीची दुकानं मुद्दामच काढली नाहीत. सामान्य माणसाला तशी दुकानं महाग वाटतात, हे त्यांचं निरीक्षण होतं. म्हणून धान्य हात घालून बघता येईल असं उघडं, मालाचे ढीग, वाटा अरुंद, गोंगाट भरपूर. २६ जानेवारी २००६ ला त्यांनी 'सबसे सस्ता दिन' जाहीर केला तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. त्यांचा बुधवार बाजार तर कित्येक गृहिणींनी उपासाच्या वारांइतकाच निष्ठेने पाळला. पण धंद्यावर कर्जाचा डोंगर होता, जागा बहुतेक भाड्याच्या होत्या, आणि भाडी थकल्यावर २०२२ साली रिलायन्सने त्या जागा एकामागून एक ताब्यात घेतल्या. ही बातमी वाचून आमच्या सासऱ्यांनी चष्मा काढला आणि जावयाकडे बघत म्हणाले, 'मी लग्नात सांगत होतो. भाड्यानं राहू नका.'

आता बिलाकडे येऊ. मोठ्या दुकानाच्या बिलावर सगळ्यांत खाली एक ओळ असते, 'आपण वाचवले' आणि पुढे आकडा. माणूस बिल वाचतो ते खालून वर. आधी ही ओळ, मग एकूण रक्कम, आणि वस्तूंची यादी घरी गेल्यावर, पायपुसण्यावरून भांडण झालं तर. हा वाचवलेला आकडा कुठून काढतात? एमआरपीतून. १९९० साली सरकारने पाकिटावर सर्व करांसहित कमाल किंमत छापायची सक्ती केली. तोवर 'स्थानिक कर वेगळे' असा बारीक मजकूर असे आणि त्या करांत दुकानदार आपला कर मिसळी. नियमाचा अर्थ एवढाच, की याहून जास्त घ्यायचं नाही. आपण मात्र तो आकडा वस्तूचं खरं मोल मानला. कंपनी शंभर छापते, दुकान ब्याऐंशीला देतं, आणि अठरा रुपये आपण स्वतः कमावल्यासारखे घरी आणतो. कंपनीने उद्या दोनशे छापले तर आपण एकशे अठरा वाचवू. आणि त्या दिवशी घरी गोडधोड करू.

कोपऱ्यावरचा वाणी हे काही करत नाही. तोही ओळखीच्या गिऱ्हाइकाला दोन रुपये कमी लावतो, महिनाभर उधार देतो, पोऱ्याबरोबर तिसऱ्या मजल्यावर गव्हाचं पोतं पाठवतो, वर 'काकू, नवा तांदूळ आत्ता नेऊ नका, चिकट होतोय' असा सल्लाही देतो. पण त्याच्याकडे छापील कागद नाही. वहीत पेन्सिलीने आकडा लिहितो, त्याखाली दुहेरी रेघ मारतो, संपलं. तुम्ही किती वाचवलं हे तो कधीच सांगत नाही. मग शेजारणीला काय दाखवायचं? पेन्सिलीची रेघ?

आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका या सगळ्याला पुरून उरले आहेत. हल्ली पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा एका मिलिलिटरचा भावही छापावा लागतो. तो इतका बारीक असतो की तो सापडेपर्यंत आपल्याला त्या वस्तूची गरज उरत नाही. काका त्यासाठी खिशात भिंग ठेवतात. एकदा धुण्याच्या पावडरीच्या शेल्फासमोर ते आणि काकू उभे होते.

'किलोचं पाकीट दोनशे चाळीस,' काका म्हणाले. 'अर्ध्या किलोचं एकशे पंधरा.'

'मग मोठं घ्या ना. मोठं नेहमी स्वस्त असतं.'

'कुणी सांगितलं? दोन लहान घेतली तर दोनशे तीस. म्हणजे मोठ्यात आपण दहा रुपये त्यांना देतोय.'

काकूंच्या चेहऱ्यावर पस्तीस वर्षांच्या संसारात क्वचित दिसलेलं कौतुक उमटलं. आसपासच्या चार ट्रॉल्या थांबल्या. एका वहिनींनी आपलं किलोचं पाकीट गुपचूप परत ठेवलं. काकांनी विजयी मुद्रेने अर्ध्या किलोची सहा पाकिटं घेतली. घरी पोटमाळ्यावर दोन वर्षं पुरेल एवढी पावडर आधीच होती, हे काकूंना आठवलं ते रिक्षात बसल्यावर.

ही खोड फक्त आपली आहे असं वाटत असेल तर जर्मनीकडे बघा. तिथे आल्डी नावाची साखळी आहे. एसेन शहरात आईने १९१३ साली काढलेलं छोटं दुकान कार्ल आणि थेओ अल्ब्रेख्त या भावांनी दुसऱ्या महायुद्धानंतर हाती घेतलं. धोरण एकच, खर्च नको. माल खोक्यांतच ठेवायचा, खोक्याचं तोंड तेवढं फाडायचं. एका वस्तूचे दहा ब्रँड ठेवायचे नाहीत. पुढे सिगारेटी विकायच्या की नाहीत यावरून भावाभावांत बिनसलं आणि देशाची उत्तर-दक्षिण वाटणी झाली. वाटणीचा विषय बांध किंवा विहीर नव्हता, एवढाच काय तो आपल्यात आणि त्यांच्यात फरक. १९७१ साली थेओंचं अपहरण झालं. सत्तर लाख मार्कांची खंडणी मोजून ते सुटले. सुटून आल्यावर त्यांनी काय केलं असेल? ती खंडणी धंद्याचा खर्च धरून करात वजावट मिळावी, म्हणून प्रयत्न केला. ही गोष्ट मी काकांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, 'पावती घेतली होती का त्याने?'

नोकरीसाठी स्टुटगार्टला, म्युनिकला गेलेली मराठी मंडळी पहिल्याच आठवड्यात आल्डीत रुळतात. तिथला कॅशियर वस्तू इतक्या वेगाने पुढे सरकवतो की पिशवीत भरायला सवडच नसते. सगळं ट्रॉलीत लोटायचं आणि खिडकीजवळच्या फळीवर जाऊन निवांत भरायचं. दुधाला गेलेला माणूस मधल्या रांगेतल्या मालामुळे ड्रिल मशीन घेऊन येतो. तो तिथला टब. ट्रॉली सोडवायला तिच्या दांड्यात एक युरोचं नाणं घालायचं, ट्रॉली जागेवर परत लावली की नाणं परत. या नाण्यासाठी लखपती माणसंही पावसात पार्किंगभर ट्रॉली ढकलत येतात. ही योजना आपल्याकडे आणायचा विचार कुणाच्या मनात असेल तर एक सूचना. दहा रुपयांचं नाणं ठेवलंत तर लोक ट्रॉलीच घरी नेतील. तीत कांदे-बटाटे ठेवतील आणि आल्या-गेल्याला विचारतील, 'ओळखा बघू केवढ्याला?'

हल्ली या सगळ्यावर तिसराच वार झाला आहे. घरातला तरुण मुलगा सोफ्यावरून न उठता मोबाईलवर बोट फिरवतो आणि दहा मिनिटांत दारावरची बेल वाजते. आत काय, तर एक कोथिंबिरीची जुडी आणि आइस्क्रीम. त्यावर डिलिव्हरी वेगळी, हाताळणी वेगळी, पाऊस असेल तर पावसाचे वेगळे. कोथिंबिरीला एवढा लवाजमा पेशव्यांच्या काळातही मिळाला नसेल. मुलगा म्हणतो, 'पण बाबा, यातही खाली लिहिलंय, यू सेव्हड फॉर्टी टू रुपीज.' आजोबा पेपरातून डोकं न काढता विचारतात, 'कुणासमोर वाचवलेस?'

आणि खरी गोम तिथेच आहे. वाचवलेल्या पैशाला साक्षीदार लागतो. ग्राहक पंचायतीत संघाचे दहा-वीस सभासद होते. आता रांगेतली दोनशे माणसं आहेत, दमलेले पाय आहेत आणि खाली छापलेला आकडा आहे. मॉलमधला गारवा यातलं काहीच देत नाही. मोबाईल आकडा देतो, पण त्याला घामाचा वास नाही. स्वस्त दुकान डाळ विकतं हे खरंच, पण बरोबर आपण काटकसरी असल्याचं एक प्रमाणपत्रही देतं, आणि मराठी मध्यमवर्गाला पदवीनंतर सगळ्यांत जास्त हौस प्रमाणपत्राचीच.

परवाच्या रविवारी शेजारच्या घरात अख्ख्या सफरीचा हिशेब मांडला गेला. दार उघडं होतं म्हणून मीही त्याला हजर होतो. नेलेली यादी बत्तीसशेची. झालेलं बिल सहा हजार एकशे चाळीस. बिलावर वाचवलेले आठशे चौऱ्याहत्तर. शिवाय रिक्षा, मुलांचं कणीस, आइस्क्रीम, आणि एक टब. सीएची परीक्षा देणारी त्यांची नात कॅल्क्युलेटर खाली ठेवत म्हणाली, 'आजोबा, आपण नुसतं घरी बसलो असतो ना, तर सहा हजार वाचले असते.'

आजोबांनी बिलाची घडी केली, पाकिटात पैशांच्या कप्प्यात ठेवली आणि म्हणाले, 'वाचले असते गं. पण तसं लिहून कोण देतं?'